घरची बिअर चौघांत करताना

घरी बिअर करायचा विषय निघाला की चार जण लगेच तयार होतात. होऊ द्यावेत. वीस लिटर बिअर म्हणजे पाच-सहा तासांचं उभं काम, त्यातलं निम्मं धुण्या-विसळण्याचं, आणि पाच किलो माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, भिजलेली गरम पिशवी एकट्याने उचलण्यात काही शहाणपण नाही. पण हात वाढले की त्यांबरोबर जंतूही वाढतात. घरची बिअर रेसिपी चुकल्यामुळे क्वचितच वाया जाते. ती वाया जाते थंड झालेल्या वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, कुणाचा तरी नुसता विसळलेला चमचा गेल्यामुळे, नाहीतर यीस्टला उकाड्यात ठेवल्यामुळे.

म्हणून गटाने बिअर करायची तर दिवसाचे दोन भाग पाडावेत. आच बंद होईपर्यंतचा गरम भाग आणि त्यानंतरचा थंड भाग. गरम भागात कुणीही ढवळावं, कुणीही चाखावं, कारण पुढे तासभर सगळं उकळणारच आहे. थंड भागाला मात्र एकच मालक. तो सांगेल ती वस्तू, तो सांगेल तेव्हा, सॅनिटायझरमधून काढून द्यायची; बाकीच्यांनी हात मागे. हा माणूस सकाळीच ठरवावा. ऐन वेळी ठरवायला गेलं की चौघंही मालक होतात.

तीन-चार जण पुरे. एक शेगडीपाशी, एक वजनं-घड्याळ-वहीवर, एक स्वच्छतेवर आणि एक वरकामाला. पाचवा-सहावा आला की ती पार्टी होते. आणि प्यायचं असेल तर वॉर्ट थंड होऊन फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या बंद भांड्यात, गेल्यावर. पंचवीसेक लिटर उकळत्या, चिकट गोड पाण्याशेजारी हलक्या डोक्याची माणसं नकोत. घरी बिअर करण्याबाबतचे नियम जागोजागी वेगळे आहेत, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी मुळात बंदीच असते. तेवढं सामान घेण्याआधी बघून घ्या.

आता माप. पहिल्या खेपेला साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, करावी, कारण तिच्यात काय बिघडलं ते चवीवरून लगेच कळतं. फर्मेंटरमध्ये २० लिटर हवी असेल तर पेल माल्ट ४.५ किलो, मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम आणि फेस टिकावा म्हणून गव्हाचा माल्ट २०० ग्रॅम. हॉप्समध्ये, म्हणजे कडवटपणा आणि वास देणाऱ्या वाळलेल्या फुलांत, मॅग्नम जातीचे २० ग्रॅम पूर्ण साठ मिनिटं उकळायचे, कॅस्केड जातीचे २० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत आणि आणखी ३० ग्रॅम आच बंद केल्यावर. कडवटपणा ३० आयबीयूच्या (हे कडवटपणाचं एकक) आसपास येतो. मॅग्नमचा हिशोब १२ टक्के अल्फा आम्ल, म्हणजे हॉप्समधला कडू घटक, धरून केला आहे. पाकिटावर १० लिहिलं असेल तर २४ ग्रॅम घ्या. हा आकडा दर पिकाला बदलतो, त्यामुळे मागच्या वेळचं वजन डोळे मिटून वापरू नये. यीस्ट म्हणजे कोरड्या एल यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट, सेफएल यूएस-०५ किंवा त्याच जातीचं दुसरं.

पाणी ३० लिटर. चोथ्यात साडेतीन लिटर जातं, तासाभराच्या उकळीत साडेतीन उडतं, तळाच्या गाळात दोन राहतं, आणि गरम द्रव थंड होताना चार टक्के आटतो. भांडं ४० लिटरच्या खाली नको, कारण पाच किलो माल्टही तीन-सव्वातीन लिटर जागा खातो. सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून माप दुप्पट करायचा मोह होतो, तिथे एक मेख आहे. माल्ट, हॉप्स, यीस्ट दुप्पट होतात, पण उडणारं पाणी दुप्पट होत नाही. ते भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरतं. शिवाय दहा किलो माल्टची निथळती पिशवी वीस किलोच्या आसपास भरते आणि ती ६५ अंशांची असते. कप्पी बांधलेली नसेल तर एका मोठ्या भांड्यापेक्षा ४० लिटरची दोन भांडी शेजारी-शेजारी लावलेली बरी.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त आधी करा. साधं क्लोरीन रात्रभर उघडं ठेवलं किंवा उकळलं की उडतं, क्लोरामाइन तसं उडत नाही. दोन्हींवर कॅम्पडेनची, म्हणजे मेटाबायसल्फाइटची, अर्धी गोळी ३० लिटरला भरपूर होते. चुरून घाला, ढवळा, काही मिनिटांत काम झालं. हे टाळलं तर क्लोरीन आणि माल्ट-यीस्टमधली फिनॉल्स मिळून क्लोरोफिनॉल तयार होतं आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. तो मुरवून जात नाही. अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला लागतो.

माल्ट भरडायचा, पीठ करायचं नाही. पिशवीत मॅश करायचं असेल, म्हणजे माल्ट जाळीदार पिशवीत घालून गरम पाण्यात मुरवायचा आणि त्यातल्या स्टार्चची साखर होऊ द्यायची असेल, तर चक्कीच्या रुळांत ०.८ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवली तरी चालते. साल शाबूत राहावी, दाणा फुटावा. भरडा घरात करू नका. अंगणात, गच्चीवर, जिन्यात कुठेही, पण फर्मेंटर आणि बाटल्यांपासून लांब. माल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस भरपूर असतात, आणि एकाने चक्की फिरवायची व दुसऱ्याने शेजारीच फर्मेंटर उघडा टाकायचा हे गटातच घडतं. बिअर महिन्याभराने आंबट निघते तेव्हा त्या धुळीची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

पाणी ६९ अंशांवर आणलं आणि माल्ट खोलीच्या तापमानाचा, म्हणजे पंचवीसेक अंशांचा असला, की मॅश ६६ वर स्थिरावतो. एकाने भांड्यात लावलेल्या पिशवीत माल्ट हळूहळू सोडायचा, दुसऱ्याने सतत ढवळायचं. घाई केली तर गुठळ्या होतात, आणि गुठळीच्या पोटातला कोरडा स्टार्च तसाच चोथ्यात जातो. इथे दोघं लागतात हे खरं. एकट्याला ओतणं आणि ढवळणं एका वेळी जमत नाही. मग आच बंद, झाकण, वर जुनं ब्लँकेट, आणि साठ मिनिटं. दोन अंश उतरलं तर काही बिघडत नाही. पुन्हा गरम करायचंच झालं तर तळाशी जाळी हवी, नाहीतर नायलॉनची पिशवी भांड्याला चिकटून वितळते. ६४-६५ ला मॅश केला तर साखर अधिक आंबते, बिअर कोरडी आणि हलकी होते. ६८-६९ ला केला तर अंग भरतं आणि गोडसरपणा उरतो. थर्मामीटर दोन असले की दोन आकडे दिसतात आणि वाद रंगतो. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो तो खरा, बाकीच्याला फरक लिहून चिकटवा.

पिशवी उचलून भांड्यावर दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या आणि खुशाल पिळा. पिळल्याने तुरटपणा येतो ही समजूत खरी नाही. सालीतले टॅनिन उतरतात ते पाण्याचा पीएच सहाच्या वर गेला आणि तापमान ७७-७८ च्या पुढे गेलं की, म्हणजे मुख्यतः चोथ्यावर भरमसाट उकळतं पाणी ओतल्यावर. पिळायला जाड रबरी हातमोजे मात्र हवेत.

या टप्प्यावर भांड्यात साडेसव्वीस लिटर वॉर्ट आणि १.०४० च्या आसपास ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, असायला हवी. ती मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा नमुना थंड करूनच मोजा. साठ अंशांच्या नमुन्यात तो सुमारे पंधरा पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) कमी दाखवतो, आणि मग घाबरून कुणीतरी साखर ओततं. खरोखरच कमी असेल तर २०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क एवढ्या वॉर्टला तीनेक पॉइंट वर नेतो.

उकळी हा शेगडीवाल्याचा तास. उकळी फुटायच्या आधी फेसाची जाड साय वर येते आणि दोन मिनिटं नजर हटली की भांडं उतू जातं. हॉप्स टाकल्यावर पुन्हा तेच. जवळ गार पाण्याची फवाऱ्याची बाटली ठेवा, दोन फवाऱ्यांत फेस बसतो. झाकण ठेवायचं नाही. माल्टमधल्या घटकापासून उकळताना डायमिथाइल सल्फाइड बनतं, ते वाफेबरोबर बाहेर गेलं पाहिजे. झाकणावरून परत ठिबकलं तर उकडलेल्या मक्याचा वास राहतो. पिल्सनर माल्ट असेल तर त्यात तो घटक जास्त असतो, तेव्हा दीड तास उकळावं. शेवटच्या पंधरा मिनिटांत एक छोटा चमचा आयरिश मॉस घाला. हे समुद्री शेवाळ आहे, प्रथिनं गोळा करून खाली बसवतं. तांब्याची थंड करायची गुंडाळी त्याच वेळी उकळत्या वॉर्टमध्ये सोडली की ती आपोआप निर्जंतुक होते.

थंड करताना नळाचं पाणीच कोमट असेल तर ३०-३५ अंशांवर गाडं अडतं. बर्फ सुरुवातीलाच संपवू नका. आधी साध्या पाण्याने ३५ पर्यंत आणा, मग बादलीत बर्फाचं पाणी करून छोट्या पंपाने तेच गुंडाळीतून फिरवा. गुंडाळी वॉर्टमध्ये हळूहळू हलवत राहिलं तर वेळ जवळपास निम्म्यावर येतो, कारण नळीभोवतीचं थंड वॉर्ट जागेवरून हलतं. गरम वॉर्टचं भांडं उचलून दुसरीकडे न्यायचं नाही, दोघांनी मिळूनही नाही. तोटी नसेल तर थंड झाल्यावर सायफनने काढा.

इथून पुढे मालकाचं राज्य. धुणं आणि सॅनिटाइझ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मळ असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग नाही, मळाखालचे जंतू सुखरूप राहतात. आधी सोडियम परकार्बोनेट घातलेल्या कोमट पाण्यात भिजवून, मऊ फडक्याने पुसून, खळखळून धुवायचं. काथ्या किंवा तारेची घासणी प्लास्टिकच्या फर्मेंटरला लावायचीच नाही, ओरखड्यांत जंतू घर करतात. मग स्टार सॅनसारखं आम्लाधारित सॅनिटायझर, लिटरला दीड मिलिलिटर, निदान दोन मिनिटं सगळीकडे ओलं राहील असं. पुन्हा पाण्याने धुवायचं नाही आणि त्याच्या फेसाला घाबरायचं नाही. एक बादली भरून आणि एक फवाऱ्याची बाटली भरून कायम हाताशी असावी. जमिनीवर पडलेली वस्तू परत बादलीत. ब्लीच टाळा, नीट धुतलं गेलं नाही तर क्लोरोफिनॉलचा तोच दवाखाना पुन्हा उभा राहतो.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे फर्मेंटरची तोटी. वरून चकचकीत दिसते, पण सुटी करून बघा, आतल्या फिरत्या भागाभोवती मागच्या बिअरचा तपकिरी, चिकट थर सापडेल. एका घरची बिअर लागोपाठ आंबट होत असेल तर आधी तोटी उघडावी. दर वेळी सगळे भाग वेगळे करून भिजवायचे, वायसरसकट.

यीस्ट १८ ते २० अंशांवर घालायचं. वॉर्ट २८ वर असताना कंटाळून घातलं तर पहिल्याच दिवशी आंबणं भडकतं आणि घशाला झोंबणारी, सॉल्व्हंटसारखी जड अल्कोहोल तयार होतात. वॉर्ट आणखी थंड होईना, तर फर्मेंटर झाकून रात्रभर थंड जागी ठेवून सकाळी यीस्ट घालणं बरं, अर्थात स्वच्छता चोख असेल तरच. कोरडं यीस्ट वरून भुरभुरवलं तरी पुरतं. ओतताना वॉर्ट उंचावरून खळाळू द्या. प्राणवायू यीस्टला हवा असतो तो याच घटकेला. त्यानंतर बिअरला हवा लागणं म्हणजे तोटाच.

खोलीचं तापमान आणि फर्मेंटरच्या आतलं तापमान यांत जोमाच्या दिवसांत तीन ते पाच अंशांचा फरक पडतो, कारण आंबताना उष्णता निघते. म्हणून मोजायचं ते फर्मेंटरला चिकटवलेल्या पट्टीवर. फ्रिज नसेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पाळ्या लावून घेतल्या तर एकावर भार पडत नाही. पहिले तीन दिवस १८-२० सांभाळलं की मुख्य लढाई जिंकली. पाचव्या दिवसापासून २१ पर्यंत चढू द्या, म्हणजे यीस्ट स्वतःच तयार केलेलं, लोण्याच्या वासाचं डायअसेटिल खाऊन टाकतं. थंड ठेवायची सोयच नसेल तर यूएस-०५ शी झगडू नका, नॉर्वेचं पारंपरिक क्वाइक यीस्ट आणा. ते ३०-३५ अंशांवरही स्वच्छ बिअर देतं.

वीस लिटर वॉर्ट आंबताना चारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून फर्मेंटर काठोकाठ भरायचा नाही, पाचेक लिटर जागा सोडायची, आणि तो झोपायच्या बंद खोलीत ठेवायचा नाही. फेस एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडून हवा आत न घेणाऱ्या बुचात, शिरून ते तुंबलं की झाकण उडून छतावर हॉप्सची नक्षी उमटते. पहिले तीन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक सॅनिटायझरच्या भांड्यात बुडवलं तर हा प्रश्न येत नाही. बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही, आणि दिसत नाहीत म्हणजे बिघडली असंही नाही. बऱ्याचदा झाकणातूनच वायू निसटत असतो. बघायला आलेल्या प्रत्येकाने झाकण उघडून नाक घालायचं, हे मात्र बंद.

दोन आठवड्यांनी ग्रॅव्हिटी मोजा, तीन दिवसांनी परत मोजा. दोन्ही आकडे सारखे, १.०१० ते १.०१२ च्या दरम्यान, असतील तर बाटल्या भरायच्या. सुरुवात १.०५० आणि शेवट १.०११ असेल तर फरकाला १३१ ने गुणा, ५.१ टक्के अल्कोहोल. मोजलेला नमुना प्यावा, परत ओतू नये. रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा आंबल्यानंतर सरळ वाचता येत नाही, अल्कोहोल त्याला फसवतं.

बाटल्या भरणं हे खरं चौघांचं काम: एक सॅनिटाइझ करतो, एक भरतो, एक बूच दाबतो, एक पुसून खोक्यात लावतो. १९ लिटरला साधी साखर ११८ ग्रॅम. पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून, रिकाम्या बादलीच्या तळाशी घालायची आणि तिच्यावर बिअर सायफनने अलगद, नळीचं टोक तळाला टेकवून सोडायची. मग एकदा सावकाश ढवळायचं. फसफसू द्यायची नाही. इथे शिरलेल्या हवेने दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालायचा मार्ग सोपा वाटतो, पण चार माणसांचे चार चमचे चार मापांचे असतात.

बाटली फुटण्यामागचा हिशोब सगळ्यांना माहीत असावा. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट आंबला की बाटलीत अर्ध्या व्हॉल्यूमइतका वायू वाढतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्याच घनफळाइतका वायू). वरच्या साखरेने आपण २.४ व्हॉल्यूम गाठतो. घाई करून चार पॉइंट शिल्लक असताना भरलं तर आकडा ४.४ वर जातो, आणि साधी बाटली तीनच्या पुढे भरवशाची नाही. काच उडते तेव्हा डोळ्यांच्या उंचीवर उडते. म्हणून दाब सहन करणाऱ्या, मूळच्या बिअरच्याच बाटल्या घ्या, वाइनच्या नकोत. तपकिरी घ्या, कारण उजेडात हॉप्सच्या कडू घटकांपासून घाणेरडा वास तयार होतो आणि हिरवी किंवा पारदर्शक काच तो उजेड अडवत नाही. आट्यांच्या तोंडावर दाबायचं बूच नीट बसत नाही. वर अडीच-तीन सेंटिमीटर रिकामी जागा. एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरून ठेवा. ती दाबून दगडासारखी लागली की वायू भरला. खोकी बंद, अंधारात, २०-२४ अंशांवर दोन आठवडे. ३३० मिलिलिटरच्या ५७ बाटल्या होतात. शेवटच्या चार-पाच गढूळ असतात, त्या वाटणीत एकाच्याच माथी मारू नका.

दुसऱ्या खेपेपासून गटाचा खरा फायदा घ्या. दोन भांड्यांत हुबेहूब तेच वॉर्ट करा, दोन फर्मेंटर, दोन वेगळी यीस्टं; बाकी काहीही बदलायचं नाही. महिन्याभराने प्रत्येकापुढे तीन ग्लास ठेवा, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, कुठला वेगळा ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. त्यामुळे सहा जणांत निदान पाचांनी ओळखला, पाच जणांत चौघांनी, तरच फरक आहे म्हणा. मोजक्या नमुन्यांवरून कितपत निष्कर्ष काढावा याचं ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये छापलेलं गणितही बिअरवाल्याचंच आहे. विल्यम गॉसेट गिनेसमध्ये नोकरीला होता. एका वेळी एकच गोष्ट बदला: यीस्ट, किंवा मॅशचं तापमान, किंवा शेवटचे हॉप्स. वही सांभाळणाऱ्याने प्रत्यक्ष आकडे लिहायचे, ठरवलेले नाहीत.

फर्मेंटरच्या तळाचा यीस्टचा साका फेकू नका. त्याच दिवशी उकळून निर्जंतुक केलेल्या बरण्यांत घ्या, झाकण सैल ठेवा, कारण वायू निघत राहतो, आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवड्यांच्या आत वापरला तर पुढच्या २० लिटरला १५०-२०० मिलिलिटर घट्ट साका पुरतो. म्हणजे एका पाकिटातून चौघांच्या चार बरण्या निघतात. पण जी बिअर किंचितही आंबट किंवा दवाखानी लागली, तिचा साका कुणालाही द्यायचा नाही.